ऊब ओळखणारी नळी

नगरला लष्करानं मैदानावर हत्यारं मांडली होती आणि लोकांना बघायला मोकळीक दिली होती. मी गेलो. सगळी गर्दी रणगाड्यांपाशी, मी मात्र एका टेबलापाशी थांबलो. टेबलावर हिरवी नळी होती, माणसाएवढी लांब, खालच्या अंगाला मूठ आणि मुठीजवळ एक बारकी बाटली. टेबलामागचा जवान चांगला होता. म्हणाला, बाबा, ही खांद्यावर घ्यायची आणि विमान पाडायचं.

मी विचारलं, "सूर्याकडं तोंड करून धरत न्हाईत ना?"

तो माझ्याकडं बघत राहिला. फौजेत होतात का म्हणाला.

"न्हाई. गूळ करत हुतो."

मग त्यानं नीट सांगितलं. आधीच्या नळ्या सूर्याला फसायच्या. विमानानं जळते गोळे टाकले की विमान सोडून गोळ्यांच्या मागं जायच्या. आणि विमान डोक्यावरून निघून गेल्यावरच मागून धरायच्या. आता बाटलीतल्या गॅसनं नळीच्या डोळ्याला गार करतात, त्यामुळं त्याला बारीक ऊबसुद्धा दिसते. समोरून येणारं विमान कळतं. शेजारी मोठी आग टाकली तरी ती तिकडं वळत नाही. आणि विमान आपलं की परकं, हे आधी विचारून घ्यायची सोयसुद्धा असते. हे सगळं नवं आहे बाबा, म्हणाला.

म्हटलं, नवं कसलं. दुष्काळाच्या साली आमच्या गुऱ्हाळावर मी हे बघितलंय.

तो हसला. त्याच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. म्हणून लिहून ठेवतोय. मी दुसरीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. अक्षर वाकडं आहे, पण सांगतोय ते सरळ आहे.

आमचं गुऱ्हाळ कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या अंगाला होतं. मी तिथला गुळव्या. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो. त्याचा गूळ व्हायला काहील चुलीवरून नेमकी कधी उतरवायची, हे गुळव्या सांगतो. थोडं आधी उतरवली तर गूळ बसत नाही, थोडं उशिरा उतरवली तर करपतो. त्या घटकेला मालकसुद्धा माझ्यापुढं बोलत नसे. त्या साली सगळीकडं रान उघडं पडलं होतं, कालव्याकाठचा ऊस तेवढा कसाबसा तगला होता. त्यावर आमचं गुऱ्हाळ चालू.

फौजी तिथं पहिल्यांदा आले ते उसाच्या घाण्याच्या इंजिनाला गाल लावायला.

खोटं नाही सांगत. माणूस आला, राम राम केला, धडधडणाऱ्या इंजिनाच्या धुराड्याशेजारी उभा राहिला आणि डावा गाल वितभर अंतरावर धरून डोळे मिटले. मग मागं सरला, अजून मागं, अजून मागं. दहा-बारा पावलं गेल्यावर थांबला आणि समाधानानं मान हलवली. मी जाळ घालणाऱ्या गड्याला म्हटलं, याला पाणी पाज, उन्हानं झालं असंल. तर ते म्हणाले, ऊन न्हाई, इंजिनच हाय.

एकाहत्तरच्या लढाईत ते विमानं पाडायच्या तोफेवर होते. तोफेजवळ बाँब पडला. डावा कान गेला आणि डावा गाल भाजला. जखम भरली तेव्हा गालावर नवी कातडी आली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. त्या कातडीला ऊब फार लवकर कळे. चहाचा पेला ते आधी गालाजवळ नेत, मग ओठाला लावत. गावातून चालताना कुणाच्या घरात चूल पेटलीय आणि कुणाच्या घरात विझलीय, हे भिंतीपलीकडून सांगत. दुष्काळाच्या दिवसांत हे फार बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. तसं ते बोलतही नसत. पण विझलेल्या चुलीच्या घरात दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडची शेरभर ज्वारी गेलेली असे.

गाव त्यांना फौजी म्हणे, मीही तेच म्हणायचो. माघारी म्हणायचं नाव नळीवाले.

नळी म्हणजे जुन्या इंजिनाच्या धुराड्याचा पत्र्याचा नळ. तारेनं बांधून त्याला मूठ केलेली, आणि तोंडाला सायकलच्या मागच्या मडगार्डाची लाल काच बसवलेली. ती खांद्यावर असल्याशिवाय ते शिवाराबाहेर पडले नाहीत. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक अधिकारी होता. त्याच्याकडं परदेशी मासिक होतं, त्यात अशा नळीचं चित्र. अधिकाऱ्यानं सगळं समजावून सांगितलं आणि बरा होऊन जाताना ते पान फाडून यांना दिलं. ते पान यांच्या टोपीत असे. घामानं चित्र पुसट झालं होतं. नळी खांद्यावर घेतलेला माणूस दिसे, पण तो कशाकडं बघतोय ते गेलेलं.

पहाटे पहिली काहील चढली की ते येत. नदीवरून धुकं आलेलं असायचं, काहिलीची वाफ त्यात मिसळायची, आणि त्या पांढऱ्यात बसून ते बोलायचे. कुणाशी बोलतायत ते कळायचं नाही. मी ऐकतोय असं मी कधी दाखवलं नाही, पण ऐकायचो.

मोठ्या लढाईत म्हणे जर्मननं नऊ नळ्या एकत्र बांधल्या आणि एका माणसाच्या खांद्यावर दिल्या. एकदम सुटायच्या, पण सरळ जायच्या. विमान काही सरळ थांबत नाही. मग अमेरिकेनं नळ्या कमी केल्या, एकच ठेवली, आणि आतल्या बाणाला डोळा बसवला. तिचं नाव लाल डोळा. रशियानंही तसलीच केली, तिचं नाव नुसतं बाण.

"तिला इमान दिसत न्हाई, गुळवे," ते म्हणायचे. "तिला त्याच्या बुडाची ऊब दिसती. अन् तीबी गेल्यावर. येनारं तिला कळतच न्हाई. टाकून निघून गेलं, की मंग हिला जाग येती, अन् लागती मागं."

मी एकदा बोललो. म्हटलं, टाकून गेल्यावर पाडून काय उपेग?

"मागचा गेला. फुडचा वाचतो."

त्यांनी टोपी काढून आतलं पान बघितलं. मग म्हणाले, "अजून एक खोट हाय. तिला आपलं-परकं कळत न्हाई. आपलं इमान बी तापलेलंच असतंय की. ही सुधरल. मी न्हाई बघनार, पर सुधरल. येनाऱ्याला वळखंल, आपल्याला वळखंल."

राखेवर बोटानं ते पुढच्या नळ्या काढायचे. वारा आला की जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचे, आदल्या दिवशीपेक्षा थोडी वेगळी.

त्यांचं लग्न झालेलं होतं. पण मी म्हणतो त्या हिवाळ्यात वहिनी माहेरी होत्या, पारनेरच्या अंगाला. त्याचं असं झालं. वहिनींच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, लोकांच्या मुठीत अक्षता, भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर आलेले. तेवढ्यात पुण्याकडं जाणारं विमान आलं. फौजींनी मांडवाच्या कोपऱ्यातली नळी उचलली, खांद्यावर घेतली आणि विमान पुढं जायची वाट बघत उभे राहिले. त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण खांद्यावर नळी घेऊन माणूस आभाळात असा एकचित्त बघतोय म्हटल्यावर सगळा मांडव आभाळात बघायला लागला. अंतरपाट धरणारेही. भटजीही. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून वर बघितलं. विमान दिसेनासं झाल्यावर लोक भानावर आले, तर मुहूर्त निघून गेलेला.

सासऱ्यांनी त्याच मांडवात सांगितलं, पोरगी माझ्याकडं राहील. जावयाचं डोकं ठिकाणावर आलं की कळवा.

फौजींनी हे मला सांगितलं ते हसत हसत. नंतर चहाचा पेला गालाजवळ धरून बसले. पेला गार झाला तरी तसाच धरलेला.

आता माझं सांगतो.

एके दिवशी काहील उतरायला आली होती. रस फुगून वर येत होता, त्याचा रंग फिरत होता. मी पळीनं थेंब पाण्यात सोडून बघणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "उतरवा, गुळवे." फौजी डोळे मिटून बसलेले, गाल काहिलीकडं. गाड्या घेऊन आलेले चार शेतकरी उभे होते, मालक उभा होता. मी म्हटलं, आजून येळ हाय. मला दिसत होतं की वेळ नाही. पण ते त्यांनी माझ्याआधी सांगितलं होतं. मी तसाच उभा राहिलो. मग उतरवली, आणि गूळ काळा पडला. मालकानं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. पंधरा वर्षांत माझी काहील गेली नव्हती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी फौजींचे सासरे आले. चांगला माणूस, पटका बांधलेला, बोलायला कमी. मालकाशी त्यांची ओळख होती. जावई दिवसभर गुऱ्हाळावर असतो हे ऐकून ते बघायला आले होते. मालकानं फौजींबद्दल चार चांगले शब्द सांगितले. सासरे म्हणाले, ते ठीक हाय, पर ही नळी काय हाय?

फौजी उठून उभे राहिले. "मामा, मी सांगतो ते खरं का येडेपना, ते आत्ताच डोळ्यांनी बघा. माजे डोळे बांधा. गुळव्यांच्या हातात इंगळाचं घमेलं द्या. ते आवाज न करता कुठंबी जाऊन उभे ऱ्हातील. मी नळी त्यांच्यावरच धरीन. तीन बारी. एकदा जरी चुकलो तर मी येडा."

सासऱ्यांनी विचार केला. म्हणाले, "तिन्ही बारी धरली, तर पोरगी उद्या धाडतो."

ऊन पडलं नव्हतं. फौजींनी मुद्दामच ती वेळ धरली होती, सूर्य आला की गाल फसतो. इंजिन चालू होतं, त्यामुळं पावलांचा आवाज कळायचा प्रश्न नव्हता, आणि एक कान तर गेलेलाच. सासऱ्यांनी स्वतःचा पटका सोडून त्यानं फौजींचे डोळे घट्ट बांधले. उसाच्या चिपाडांचा मोठा ढीग होता, त्याच्या मागं चुलवाणाचं, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीचं तोंड. तिथून मी बाभळीचे लाल इंगळ घमेल्यात भरले आणि सात-आठ पावलांवर उजवीकडं जाऊन उभा राहिलो.

फौजी हळूहळू फिरले. मान आधी फिरे, मग खांदा, मग नळी. ती लाल काच माझ्यावर येऊन थांबली. सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या.

दुसऱ्या वेळी मी खाली बसलो. नळी खाली आली आणि माझ्या छातीवर थांबली. गडी लोक एकमेकांकडं बघायला लागले. सासरे हसले. पहिल्यांदाच हसले. मालक मला म्हणाला, "गुळवे, गाल लई मोलाचा हाय बरं का फौजींचा. एक दिस काहिलीवर त्यानलाच बसवू."

तो गमतीत बोलला होता.

मी ढिगामागं गेलो, इंगळ भरले आणि वर दोन ओंजळी राख टाकली. थंड, बसकी राख. इंगळावर राख असतेच, कुणाला त्यात काही दिसलं नसतं. मग येऊन फौजींच्या बरोबर समोर उभा राहिलो.

ते फिरले. माझ्यावरून नळी गेली, परत आली, परत गेली. त्यांच्या गालावरची शीर उडत होती. शेवटी नळी ढिगापलीकडच्या चुलवाणावर जाऊन थांबली.

"चुलवान तर सकाळपास्नं हितंच हाय," एक गडी म्हणाला, "ते कुठं उडून जातंय." सगळे हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी जावयाच्या डोळ्यांवरचा पटका सोडला, परत डोक्याला बांधला, मालकाला राम राम केला आणि निघाले.

फौजी माझ्याजवळ आले. घमेल्यावर हात धरला, मग बोटानं राख उकरली. खाली लाल. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घेतली नाही. मी कधी घेत नाही.

"गुळवे," ते म्हणाले, "हे त्यानलाबी सुचंल."

"कुनाला?"

"इमानवाल्यानला. ऊब झाकायची, अन् शेजारी मोठा जाळ दाखवायचा. मग ही जाळाकडं जानार." त्यांनी नळीवर हात फिरवला. "चूक नळीची हाय. राख टाकनाऱ्याची न्हाई. हिनं वळखायला पायजे हुतं."

ते मला टोचून बोलले असते तर मी दोन शब्द परत दिले असते आणि गोष्ट मिटली असती. पण ते खरंच तसं समजत होते. सासरे रस्त्याला लागले होते, त्यांचा पटका अजून दिसत होता, आणि हा माणूस पुढची नळी कशी करायची याच्या नादात उभा.

त्या दिवसापासून त्यांनी वेगळंच सुरू केलं. पेटत्या चुलवाणाशेजारी डोळे बांधून बसायचे. कुणीतरी घमेल्यात मूठभर इंगळ घेऊन शेजारून जायचं. मोठ्या आगीशेजारची बारकी ऊब ओळखायला शिकायची, म्हणायचे. रोज बसले. रोज नळी चुलवाणाकडंच वळली. हसणारे दोन दिवस हसले, मग कंटाळले. मला त्यांनी घमेलं घ्यायला कधी सांगितलं नाही.

एका दुपारी सोडायला म्हणून त्यांच्या घरापर्यंत गेलो. अंगणात जावं तर चूल बाहेरच. राख ओली झालेली, वर पाला पडलेला. दुसऱ्यांच्या चुली भिंतीपलीकडून ओळखणारा माणूस घरात कोरड्या भाकरीवर दिवस काढत होता, तीही गुऱ्हाळावरच्या कुणाच्या फडक्यातली. माघारी आलो.

गुऱ्हाळाच्या सुट्टीच्या दिवशी मी एस.टी.नं पारनेरच्या अंगाला गेलो. कुणाला सांगितलं नाही. सासरे गोठ्यात म्हशीपुढं वाळला कडबा टाकत होते. त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाले. मी बसलो नाही.

"तिसऱ्या बारीला घमेल्यावर राख हुती," मी म्हटलं.

"कुनी टाकली?"

मी म्हशीकडं बघितलं. बरीच वाळली होती बिचारी.

"घमेलं ज्याच्या हातात हुतं, त्यानं."

माझ्या जन्मात याहून जास्त मी कधी कबूल केलेलं नाही, आणि आज हे लिहितानाही त्याहून जास्त करत नाही. सासऱ्यांनी हातातला कडबा खाली ठेवला. मला वाटलं आता बोलतील. पण आवाज मागून आला. वहिनी दारात उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेलं.

"राख बघून त्ये काय म्हनले, दादा?"

"चूक नळीची म्हनले. राख टाकनाऱ्याची न्हाई."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं रडतायत. हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलेलं.

"आबा," त्या वडलांना म्हणाल्या, "तुमी पटक्यानं डोळं बांधून त्यांचं डोकं तपासलं व्हय? मला इचारायचं हुतं. मी पाच वरसं बघितलंय." आणि आत जाऊन गाठोडं घेऊन आल्या. सासऱ्यांनी गाठोड्यात बाजरीचं पीठ बांधून दिलं. मला म्हणाले, नीट न्या. एवढंच.

एस.टी.त वहिनी खिडकीपाशी बसल्या. एकदा त्यांनी विचारलं, नळी अजून हाय का? म्हटलं, हाय. त्यांनी मान हलवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. दोन्ही बाजूंनी रान करडं, आभाळ पांढरं, आणि एखादं बाभळीचं झाड तेवढं हिरवं. मुक्कामाला त्या माझ्या घरी थांबल्या. सकाळी गुऱ्हाळावरच जाऊ म्हणाल्या.

पहाटेचं धुकं होतं. इंजिन धडधडत होतं. चुलवाण असं पेटलं होतं की दहा पावलांवर अंग भाजावं, आणि पहिली काहील फुगून वर येत होती. माझ्या जागी मालक स्वतः पळी घेऊन उभा होता, मला बघून त्यानं सुटलो म्हणत ती माझ्या हातात दिली. फौजी नेहमीच्या जागी बसलेले, डोळ्यांना उपरणं बांधलेलं, नळी खांद्यावर. लाल काच चुलवाणाकडं.

वहिनी धुक्यातून आल्या. हातात घमेलं नव्हतं, इंगळ नव्हते. नुसत्या येत होत्या. पंधरा-वीस पावलांवर असतील, गड्यांचं लक्षही नव्हतं.

फौजींची मान फिरली.

मग खांदा फिरला, मग नळी. चुलवाण एवढं पेटलेलं असून नळीनं त्याच्याकडं पाठ केली आणि समोरून येणाऱ्या त्या थंड धुक्याकडं तोंड केलं. हे कशानं झालं, मला सांगता येत नाही. त्या इंजिनापुढं पावलं ऐकू येणं शक्य नव्हतं. वाराही फौजींकडून वहिनींकडं जात होता. आणि माणसाच्या अंगाला ऊब ती केवढी.

नळी वहिनींवर येऊन थांबली, घटकाभर. मग फौजींनी ती खांद्यावरून उतरवली आणि तोंड जमिनीकडं करून खाली ठेवली. डोळ्यांवरचं उपरणं त्यांनी त्यानंतर सोडलं.

वहिनी म्हणाल्या, "चूल इझलीय म्हनं आपली."

"व्हय," फौजी म्हणाले. "लई दिस झालं."

मी बघत उभा राहिलो. हातात पळी होती. मागं रस फुगत होता, रंग फिरत होता, आणि या वेळी मला कुणी मागून सांगितलं नाही. वळलो तेव्हा गूळ काळा पडला होता. मालकानं विचारलं, काय झालं, गुळवे?

म्हटलं, चूक काहिलीची.